ओढ्यापाशी संपलेलं गाव

मुलांनो, कल्पना करा. तुम्ही एका गावाच्या मधोमध उभे आहात. गाव कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं आहे, तुमची उंची जेमतेम नखाएवढी, आणि तुमचं सगळं अंग बारीक बारीक रंगीत चौकटींनी बनलेलं. पण ऊन पडलंय, मागे देऊळ आहे, पिंपळाखाली दोन म्हातारे तंबाखू मळत बसलेत. बाणाची कळ दाबली की तुम्ही चालता. कुणासमोर थांबलात की तो माणूस तुमच्याशी बोलतो. बोला हवं तर, घाई नाही.

झालं बोलून? आता मधल्या आळीनं खाली या. आळी संपली की उतार लागतो. उतार संपला की ओढा. पाणी घोट्याएवढं आहे, मधे दगड आहेत. सहज पलीकडे जाता येईल. दाबा बाण. दाबून धरा.

पाय हालतायत, हो ना? पण तुम्ही जागचे हालत नाही.

"गुरुजी," मित्रा म्हणाली, "इथनं पुढं जाता येत नाही."

बारा-तेरा वर्षं झाली या गोष्टीला. मी तेव्हा नुकताच शाळेतून निवृत्त झालो होतो. पस्तीस वर्षं भूगोल शिकवला, त्यामुळे घरी बसून हात शिवशिवत होते. त्याच सुमारास माझी सून मैथिली पुण्यातली नोकरी सोडून आमच्याकडे राहायला आली. ती एका कंपनीत व्हिडिओ गेमची चित्रं काढायची. "बाबा, आठ वर्षं मी दुसऱ्यांच्या खेळांतली झाडं काढली," ती म्हणाली. "आता मला माझा खेळ करायचाय. तुमचं गाव द्या मला."

माझं गाव कासारवेळ. मी एकवीस वर्षांचा असताना ते धरणाच्या पाण्याखाली गेलं.

मैथिलीच्या मनातला खेळ मारामारीचा नव्हता. त्यात तुम्ही गावातला एक पोरगा व्हायचं. पाणी यायला तीस दिवस उरलेत. तेवढ्यात घरोघर जायचं, लोकांचं ऐकायचं, त्यांची कामं करायची आणि गावातलं काय काय वर डोंगरावर न्यायचं ते ठरवायचं. तुम्ही जे निवडाल तसं पुढचं घडणार. मला ही कल्पना इतकी आवडली की मी दुसऱ्याच दिवशी आलेखाची वही आणली आणि गावाचा नकाशा काढायला बसलो. एक चौकट म्हणजे पाच पावलं. नुसत्या आठवणीवर भागेना, तेव्हा आमच्या धरणग्रस्तांच्या वसाहतीत फिरलो. कासारवेळची बेचाळीस घरं आमच्या वसाहतीत शेजारी-शेजारी आली होती. प्रत्येक घरी तासन् तास बसलो. कुणाच्या अंगणात पेरू होता, कुणाच्या जात्याचा खुंटा मोडका होता, कोण बोलताना आधी खाकरायचं, सगळं टिपलं. दीड वर्ष चाललं ते काम. त्या बेचाळीस घरांतल्या माणसांना मी संवाद लिहिले, मैथिलीनं त्यांना चेहरे दिले. लोक म्हणायचे, गुरुजी, तुम्ही गाव पाण्यातून वर काढलंत. मलाही तसंच वाटायचं. उगाच खोटं कशाला सांगू, फार वाटायचं.

खेळ पुरा होत आला तेव्हा तो तपासायला मुलं हवी होती. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की सहा मुलं आमच्या घरी यायची. त्यांनी खेळायचं, आणि काय बिघडलंय ते शोधायचं.

"आणि पोहे पण मिळणार?" एकानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"चूक सापडली तर खोबरं घालून," मैथिली म्हणाली.

प्रत्येक चूक वहीत तीन ओळींत लिहायची शिस्त मी लावली. मी काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. एका वहीतलं मला अजून आठवतं: 'मी कोंबडीला हात लावला. कोंबडीनं पळायला हवं होतं. कोंबडी म्हणाली, राम राम पाहुणं, कुठनं येणं केलं?' तुकाराम सुताराची शेळी तर देवळाच्या कळसावर जाऊन उभी राहायची आणि कुणाला उतरवता यायची नाही.

मित्राचं पूर्ण नाव संघमित्रा रणपिसे. सहावीत होती. दोन वेण्या, मधल्या बोटाला शाईचा डाग, बोलणं कमी. तिच्या वहीत चाळीस चुका झाल्या होत्या. दुसऱ्या कुणाच्याही पंधराच्या वर नव्हत्या. बाकीची मुलं गोष्टीच्या मागे धावायची. मित्रा कडेकडेनं चालायची. डोंगराच्या पायथ्यानं, नदीच्या काठानं, शेतांच्या बांधांवरून. मला वाटायचं, काय पद्धतशीर मुलगी आहे! दुसऱ्या मुलांना मी तिचं उदाहरण द्यायचो.

त्या शनिवारी तिनं ओढ्यापाशी बाण दाबून धरला होता. पडद्यावरचा पोरगा जागच्या जागी पाय आपटत होता.

"लिहिलंस का?" मी विचारलं.

तिनं वही पुढे केली. एक्केचाळिसावी चूक. सवयीप्रमाणे मी मोठ्यानं वाचायला लागलो.

"मी काय केलं: ओढा ओलांडायला गेले. काय व्हायला हवं होतं: आजीचं घर यायला हवं होतं. काय झालं..." तिसरी ओळ मी मनातच वाचली. तिथं लिहिलं होतं: 'भिंत लागली. दिसत नाही.'

मैथिली तिच्या टेबलावर पाठमोरी बसली होती. तिनं मान न वळवताच सांगितलं, "ती चूक नाहीये, मित्रा. तिथं नकाशा संपतो ना, म्हणून मीच अडसर घातलाय. नाहीतर तू काळ्या पोकळीत पडशील. पलीकडे काही नाहीये."

"आहे."

"काय आहे?"

"अकरा घरं. त्यातलं एक माझ्या आजीचं."

आता मैथिलीनं खुर्ची वळवली. मी मित्राकडे पाहत राहिलो. "तुझी आजी कासारवेळची?"

"हो."

"मग इतके दिवस बोलली नाहीस ती?"

"मला वाटलं, असेल कुठंतरी. सापडेल," ती म्हणाली. "सगळीकडं बघितलं. फक्त हीच बाजू राहिली होती."

"पण तू तर खालच्या अंगाची. तीन नंबरच्या वसाहतीतली."

"तिथंच आणून ठेवलं ना आम्हाला. तुम्हाला इकडं, आम्हाला तिकडं."

बाकीची मुलं खेळात दंग होती. कुणीतरी कोंबडीशी बोलून खिदळत होतं. माझ्या हातात वही तशीच उघडी होती.

"मी... विसरलो असेन, बाळ."

"अकराच्या अकरा?"

टोमणा नव्हता तो. तिला खरंच नवल वाटलं होतं. माझ्यासारखा माणूस, ज्याला जात्याचा मोडका खुंटा आठवतो, तो असं कसं विसरेल!

मी आत गेलो आणि आलेखाची वही काढली. मी वर्गात पहिल्या दिवशी काय शिकवायचो सांगू? नकाशाच्या कडेला जग संपत नाही. कडेला बाण काढा आणि पलीकडे काय आहे ते लिहा. माझ्या नकाशात तीन कडांना बाण होते. घाटाकडे. तालुक्याकडे. नदीपलीकडच्या वाडीकडे. चौथ्या कडेला, सगळ्यांत खालच्या ओळीत, ओढा होता आणि त्याच्याखाली कागद संपला होता. मला चक्क आठवलं की ओढा कागदात बसावा म्हणून मी सगळं गाव दोन ओळी वर सरकवलं होतं. ओढा बसला तेव्हा मला समाधान वाटलं होतं. त्याच्याखाली काय, हा प्रश्न दीड वर्षात मला एकदाही पडला नाही. बेचाळीस घरांतल्या एकाही माणसाला पडला नाही. कुणीही म्हणालं नाही, गुरुजी, पलीकडचं राहिलं.

आणि मला माहीत होतं. ओढ्यापलीकडून संध्याकाळी चुलींचा धूर वर यायचा तो मी रोज बघितला होता. हलगीचा आवाज ऐकला होता. पण पलीकडे मी कधी गेलो नव्हतो. एकवीस वर्षांत एकदाही नाही. पाणी घोट्याएवढं होतं.

मी बाहेर आलो तेव्हा मैथिली मित्राला समजावत होती.

"अगं, दोन तासांचं काम आहे. आहेत त्यातलीच अकरा घरं उचलते आणि ओढ्यापलीकडे ठेवते. छपरांचे रंग बदलते. झालं!"

"ती कुणाची घरं असतील?"

"तुमची."

"आमची कशी? ती तर यांचीच," मित्रानं माझ्याकडे बोट दाखवलं. मग जरा घुटमळून विचारलं, "गुरुजी, पुढच्या रविवारी गावकऱ्यांचा मेळावा आहे ना? तिथं खेळ मोठ्या पडद्यावर दाखवणार ना तुम्ही?"

"हो."

"मला तेव्हा आजीला दाखवायचं होतं. पण आजीला बोलावणं नाही आलं अजून. पोस्टानं येणार आहे का?"

मेळाव्याची यादी मीच केली होती. बेचाळीस पत्रिका मीच माझ्या हातानं लिहिल्या होत्या. मैथिलीनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि खाली मान घातली. तिलाही कळलं.

"उद्या तुझ्या आजीकडे येतो," मी म्हणालो. "त्यांनाच विचारू. घरं कुठं होती, कशी होती, सगळं."

"आजी सांगणार नाही. बाबांना पण नाही सांगत. नुसतं म्हणते, गेलं पाण्यात. अकरा घरं होती हेसुद्धा मला शेजारच्यांकडनं कळलं."

"मी विचारतो ना."

मला वाटलं होतं, बेचाळीस घरच्या माणसांना मी बोलतं केलं, ही त्रेचाळिसावी.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. मैथिलीनं लॅपटॉप घेतला, मी आलेखाची नवी वही. तीन नंबरची वसाहत आमच्यापासून अकरा किलोमीटरवर होती आणि मी तिथंही पहिल्यांदाच जात होतो. मित्राची आजी, हौसाबाई, ओट्यावर चिंचा फोडत बसली होती. पुढ्यात दगड, हातात लाकडी ठोकळा. सत्तरीची बाई, पण हात चपळ. मित्रा आमची वाट बघत दारातच उभी होती.

"आजी, गुरुजी आलेत."

"जय भीम," हौसाबाई म्हणाली. "बसा. कोन गुरुजी?"

"मी शेडगे. कासारवेळचा."

ठोकळा थांबला. "कुठलं शेडगे? चावडीजवळचं का पिंपळाजवळचं?"

"पिंपळाजवळचे."

"हां. हिरवं दार."

"नाही, आमचं दार सागवानी होतं. तेल लावलेलं, तपकिरी."

"ते पुढलं," ती म्हणाली. "मागलं हिरवं व्हतं. खालची फळी उंदरानं कुरतडलेली. त्यातनं तुमची मांजर ये-जा करायची. पांढरी, शेपटाला काळा ठिपका."

माझ्या आईची मांजर! मी ती पार विसरलो होतो. दीड वर्ष आठवण्याचा उद्योग केला, आणि आमच्या मागच्या दाराचा रंग मला आठवला नव्हता.

"चहा घेताल का उपास हाय?" हौसाबाईनं विचारलं. डोळ्यांत जरा मिश्कील चमक होती. मला कळलं ती काय विचारतेय.

"घेईन की."

"मित्रे, गुळाचा ठेव."

मैथिलीनं लॅपटॉप उघडून तिच्यापुढे धरला. "आजी, हा खेळ आहे. हे तुमचं गाव."

"माजं?" हौसाबाईनं हात पदराला पुसले आणि वाकून बघितलं. देऊळ, पिंपळ, मधली आळी, ओळीनं घरं. मैथिली हळूहळू पुढे सरकवत होती. म्हातारीची नजर एकेका घरावर थांबत होती. मग म्हणाली, "मागली दारं कुठायत?"

"या खेळात घरं फक्त समोरून दिसतात, आजी. असंच असतं अशा खेळांत. मागची बाजू काढतच नाहीत."

"मंग मला कशी वळखू यायची? सोळा वरसं सरपण घातलं ह्या गावाला. बेचाळीस घरं. डोक्यावर मोळी, आन् समदं मागनं. पाटलाचं मागलं दार निळं. सुताराला दारच न्हवतं, तरटाचा पडदा. वाण्याच्या दाराला घंटी, ती वाजवायची आन् लांब व्हायचं. पुढलं कसं दिसतंय ते मला काय ठावं?"

मैथिलीनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या आठ वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न तिला कुणी विचारला नसेल.

मी घाईघाईनं वही उघडली. "हौसाबाई, आमचं चुकलं. ओढ्यापलीकडचं आम्ही काढलंच नाही. आता तुम्ही सांगा, मी काढून घेतो. पहिलं घर कुणाचं, विहीर कुठं. ओढ्यावर सध्या एक भिंत घातलीय, दिसत नाही अशी. मैथिली ती आजच काढून टाकेल."

"भिंत? कुठं म्हनला?"

"ओढ्यावर. माणूस तिथं आला की अडतो."

हौसाबाई हसली. तोंडाला पदर लावून, खांदे हलेपर्यंत हसली.

"आवं, ती तर व्हतीच की! पोरीनं बरुबर काढलीया. ती कशापायी काढता?"

मी आजवर बोलण्यात कधी अडखळलो नाही. वर्गात साठ पोरं असली तरी नाही. पण त्या ओट्यावर मला त्या बाईच्या डोळ्यांना डोळा देता येईना. संगणकाला काही ठाऊक नव्हतं. मैथिलीला काही ठाऊक नव्हतं. तिला फक्त माझा कागद ठाऊक होता. आणि त्या कागदावरून, कुणी न सांगता, भिंत नेमकी होती तिथंच उभी राहिली होती.

"पण तुमचं घर तरी..." मी कसाबसा म्हणालो. "ते तर दाखवायला हवं."

"नगं."

"आजी!" आतून चहाचे कप घेऊन येणारी मित्रा दारातच थांबली.

"नगं म्हनलं ना. गुरुजी, तुमी दरसाली जमता. गाव बुडालं म्हनून रडता. आमच्या कानावर येतंय. रडा, तुमचं व्हतं त्ये. मी न्हाई रडले. त्या वड्याच्या अलीकडनं बाहेर पडाया मला सोळा वरसं लागली. आन् आता तुमी मला फिरून तिथंच नेऊन बसवता? खेळात?" तिनं ठोकळा उचलला आणि एक चिंच फोडली. "पानी आलं, लई बेस झालं."

माझ्या खेळाचं नाव 'पाण्याआधी' होतं. पाणी म्हणजे संकट, हे आम्ही दोघांनी गृहीतच धरलं होतं. तीस दिवस, आणि मग सगळं संपलं. त्या बाईच्या लेखी ते तिथं सुरू झालं होतं. मी मैथिलीकडे बघितलं. तिनं लॅपटॉप अर्धा मिटला होता.

मित्रा कप खाली ठेवून आजीसमोर बसली. "मग मला कसं कळायचं गं? तू कुठनं आलीस ते?"

"कळून काय करनार?"

"तू माझी आजी आहेस ना."

म्हातारीनं पुढची चिंच दगडावर ठेवली. चार-पाच चिंचा फोडून झाल्या. चिंचोके एका बाजूला, गर एका बाजूला. आम्ही तिघं चहा प्यालो. मला वाटलं, आता उठावं.

"निघाल्याचं सांगते," हौसाबाई एकदम म्हणाली. "तेवढं ऐकायचं तर आयका."

"सांग," मित्रा म्हणाली.

"तुमच्या आळ्यांला टरक आदी आलं. आमचा टरक चार दिवसांनी. तवर गाव रिकामं. एक मानूस न्हाई. आमचा रस्ता वड्याकडनं, खालनं, काट्याकुट्यातनं. टरक हुबा ऱ्हानार वर, देवळाम्होरं. तर समदी निघालो, डोक्यावर गठुडी, वड्याच्या कडंनं. आन् माजी सासू हुबीच ऱ्हायली. म्हनली, ए, खालनं कशाला जाता? वरनं चला, मदल्या आळीनं. मी म्हनलं, आत्या, अवो कुनी बघंल. तर म्हनली, हाय कोन बघायला? आन् चपला घाला पायात."

ठोकळा तिच्या मांडीवर पडला होता. ती आमच्याकडे बघत नव्हती.

"गठुडी सोडली, चपला काढल्या. मोळी विकायला तालुक्याला जायचो ना, तवा गाव सोडल्यावर घालायच्या त्या चपला. त्या घातल्या आन् निघालो. अकरा घरची मानसं, पोरंबाळं, समदी मदल्या आळीनं. हळू चाललो. कुनाला घाई न्हवती. मी येकेक पुढलं दार बघत चालले. पाटलाच्या दाराला पितळी कड्या. सुताराच्या दारावर नक्षी, मोर. सोळा वरसं त्याच्या घरी मोळी टाकली, मला मोर ठावं न्हवता. गुरुजी, तुमच्या दारापुढं रांगुळी व्हती. चार दिवसांची, पुसाट झालेली. मी तिच्या कडंनं गेले. माज्या सासूनं मातूर न्हाई कड घेतली. देवळाम्होरनं गेलो तशाच, चपलांसकट. कुत्री तेवढी ऱ्हायली व्हती गावात, ती मागनं आली. टरकात बसलो."

ती थांबली. मग मैथिलीला म्हणाली, "तेवढं आसंल तुज्या खेळात तर दाव. घर नगं मला."

मैथिलीनं नकारार्थी मान हलवली. नव्हतं ते खेळात. खेळात गाव कधी रिकामं व्हायचंच नाही. शेवटच्या दिवशी शेवटचा माणूस निघाला की पडदा काळा व्हायचा.

मी वही मिटली. मेळाव्याचं बोलावणं त्या क्षणी तोंडातून काढायची माझी हिंमत झाली नाही. मैथिली पुटपुटली, "बाबा, रविवारी नको दाखवायला. सगळं परत करावं लागेल." मी हो म्हणालो. आम्ही दोघं मोठी माणसं तिथं मान खाली घालून बसलो होतो, आणि आपण केवढं चुकलो याचाच विचार करत होतो.

मित्रा उठली. तिनं मैथिलीच्या मांडीवरून लॅपटॉप उचलला, ओट्यावर ठेवला आणि त्याच्यापुढे मांडी घातली.

"काकू, माणसं बंद कशी करायची?"

"काय?"

"सगळी माणसं. गावातली."

मैथिलीनं वाकून दाखवलं. खेळाच्या आतल्या बाजूला एक यादी होती: घरं, झाडं, माणसं, जनावरं. प्रत्येकापुढे बरोबरची खूण. मित्रानं माणसांपुढची खूण काढली. पिंपळाखालचे म्हातारे गेले. विहिरीवरच्या बाया गेल्या. माझे वडील ओसरीवर बसलेले होते, मीच सांगून बसवलेले, ते गेले. जनावरांमध्ये जाऊन तिनं गाई, शेळ्या, कोंबड्या एकेक करून काढल्या. कुत्री ठेवली. मग आपला पोरगा उचलला आणि ओढ्याच्या काठावर, भिंतीला पाठ लावून, गावाकडे तोंड करून उभा केला.

"आजी, बघ."

हौसाबाईनं पुढे वाकून बघितलं. डोळे बारीक केले. "त्येच्या पायात काय न्हाई."

मित्रानं पडद्याला नाक लावलं. खरंच, पोरगा अनवाणी होता. खेड्यातला पोरगा म्हणून मीच अनवाणी सांगितला होता. त्याची पावलं म्हणजे अंगाच्या रंगाच्या दोन चौकटी, तांदळाच्या कणीएवढ्या. मित्रानं चित्र रंगवायची खिडकी उघडली, ते पोरगं पडद्याएवढं मोठं केलं, आणि रंगांच्या पेटीतून काळा उचलला. एक चौकट भरली. मग दुसरी.

"घातल्या," ती म्हणाली.

तिनं ती खिडकी मिटली, पुन्हा ओढ्याचा काठ दिसायला लागला. तिनं लॅपटॉप उचलून आजीच्या मांडीवर ठेवला, आजीचं बोट धरून वर जाणाऱ्या बाणावर टेकवलं, आणि आपला हात काढून घेतला.